'हकलबेरी फिन' नववीच्या वर्गात : शब्द पानावर राहू द्या, तोंडात नको

कोथरूडच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेतल्या शिक्षिकेचं पत्र आलं आहे. त्या लिहितात : "नववीला पूरक वाचनासाठी मार्क ट्वेनची 'हकलबेरी फिन' ही कादंबरी घेतली आहे. वर्गात ४२ मुलं आहेत. पहिली पाच प्रकरणं मुलांनी आळीपाळीनं मोठ्यानं वाचली. कृष्णवर्णीयांसाठी वापरला जाणारा तो अपमानकारक शब्द त्यात पानोपानी येतो. गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत एका मुलानं वर्गातल्या सावळ्या मुलीला त्याच शब्दानं हाक मारली. तिच्या आईनं तक्रार केली आणि ती पालकांच्या ग्रुपवर फिरली. मुख्याध्यापिका म्हणतात, मुलांसाठीची संक्षिप्त आवृत्ती घ्या, नाहीतर पुस्तकच बदला. मला पुस्तक सोडवत नाही, पण पुढच्या तासाला वर्गात जायची धास्ती वाटते. काय करू?"

ताई, पुस्तक सोडू नका. मात्र पुढचा तास पुस्तकाचा घेऊ नका. आधी त्या मुलीचं बघा.

तिला एकटीला भेटा, आणि स्टाफरूममध्ये नको, तिथे दहा कान असतात. काय झालं ते तिला पुन्हा सांगायला लावू नका. यात तिची काहीही चूक नाही आणि वर्गात तिचं नाव निघणार नाही, एवढं तिला स्पष्ट सांगा. 'हे पुस्तक पुढे वाचलेलं तुला चालेल का?' असं मात्र विचारू नका. प्रश्न समजूतदार वाटतो, पण त्यानं सगळ्या वर्गाच्या वाचनाचं ओझं एका पोरीच्या डोक्यावर येतं. त्या मुलाशीही वेगळं बोला. सगळ्यांसमोर माफी मागायला लावलीत तर ती मुलगी दुसऱ्यांदा सगळ्यांसमोर उभी राहील. त्याला एवढंच विचारा, की हा इंग्रजी शब्द माहीत नसता तर तू तिला काय म्हणाला असतास? उत्तर बहुधा मराठीत येईल आणि तेही रंगावरूनच असेल. 'गोरी, सुस्वरूप वधू पाहिजे' अशा जाहिराती छापणाऱ्या समाजात तो वाढला आहे. तुच्छता त्याच्याकडे आधीपासून होती. पुस्तकानं तिला नवा शब्द पुरवला, आणि तो त्याच्या जिभेवर रुळला तो वर्गातल्या प्रकट वाचनामुळे. म्हणून दुरुस्तीही तिथूनच सुरू करायची.

मुलांनी आळीपाळीनं मोठ्यानं वाचणं आजपासून बंद करा. बाईंच्या परवानगीनं वर्गात उच्चारलेला शब्द मैदानावरही चालतो, असं चौदा वर्षांच्या मुलाला अगदी प्रामाणिकपणे वाटतं. नियम एकच आणि तो तुम्हालाही लागू : शब्द पानावर राहील, तोंडात येणार नाही. उतारा तुम्ही वाचायचा, तो शब्द आला की क्षणभर थांबायचं आणि पुढे जायचं. वहीत उताऱ्यात आलाच तर पहिलं अक्षर आणि पुढे रेघ. फळ्यावर लिहायचा नाही. ऑडिओबुक वर्गात लावू नका. मूळ संहितेच्या ध्वनिमुद्रणात तो शब्द प्रत्येक ठिकाणी ऐकू येतो, आणि तिथे गाळायला तुमचा हात पोचत नाही.

मुलं अर्थ विचारतील, तेव्हा मराठी प्रतिशब्द द्यायचा मोह आवरा. जुन्या मराठी पुस्तकांत 'निग्रो' आहे. तो त्या काळच्या इंग्रजीत शिवी नव्हता, आज मात्र कालबाह्य झाला आहे. 'हबशी' तर अजिबातच नको. तो अबिसीनियावरून आला, आणि आपल्याकडे त्याच्यामागे मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी उभे आहेत, म्हणजे सेनापती आणि सत्ताधीश. अमेरिकेतल्या मळ्यावर माणसाला जनावराच्या ओळीत बसवणारा शब्द त्यात उतरत नाही. प्रतिशब्द न देता तो शब्द काय काम करायचा ते सांगा : ज्याला नाव आहे, बायको-मुलं आहेत, त्या माणसाला विकता येणारी वस्तू ठरवायचं काम.

आता आवृत्तीचा प्रश्न. अप्पा बळवंत चौकात मुलांसाठीच्या संक्षिप्त इंग्रजी अभिजात पुस्तकांचे गठ्ठे मिळतात. त्यांतली 'हकलबेरी फिन' घेण्याआधी चार जागा तपासा. १५व्या प्रकरणात धुक्यानंतर गोष्ट सांगणारा गोरा मुलगा हक त्याच्यासोबत तराफ्यावरून पळालेल्या गुलामाची, जिमची, माफी मागतो, ते आहे का? १६व्यात तो बंदूकधाऱ्यांशी खोटं बोलतो, ते? ३१व्यात जिमचा ठावठिकाणा त्याच्या मालकिणीला, मिस वॉटसनला, कळवणारं पत्र लिहून फाडतो, ते? आणि ३२व्या प्रकरणाच्या सुरुवातीला बोटीवरच्या स्फोटात कुणी दुखावलं का, या सॅली मावशीच्या प्रश्नाला हक 'नाही' म्हणतो आणि लगेच एक काळा माणूस मेल्याचं सांगतो, ते? हे चार प्रसंग नसतील तर हातात उरते ती तराफ्यावरची सहल. शिवी गेली तरी मुलांपुढे येतो तो भोळा, हसवणारा जिम, आणि तो शिवीपेक्षा कमी घातक नाही. २०११ साली अमेरिकेत एक आवृत्ती निघाली. तिच्यात दोनशेहून अधिक ठिकाणी आलेला तो शब्द काढून 'गुलाम' हा शब्द घातला. हेतू चांगला होता, पण ६व्या प्रकरणात हकचा दारुडा बाप ज्या शिकलेल्या कृष्णवर्णीय प्राध्यापकावर आग पाखडतो, तो प्राध्यापक स्वतंत्र नागरिक आहे. त्याला 'गुलाम' म्हटलं की त्या भाषणातला मुद्दाच मरतो. बापाला राग येतो तो हा माणूस कुणाचाच गुलाम नाही याचा. तेव्हा मूळ, पूर्ण संहिताच घ्या. लेखनहक्काची मुदत केव्हाच संपल्यामुळे ती कायदेशीररीत्या फुकट मिळते.

मुख्याध्यापिकांना एक गोष्ट आवर्जून सांगा. या पुस्तकावर आक्षेप पहिल्यापासून आहेत, पण प्रत्येक पिढीचा आक्षेप वेगळा. १८८५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कॉर्डच्या सार्वजनिक ग्रंथालयानं ते काढून टाकलं. कारण होतं गावंढळपणा आणि असभ्य भाषा. वंशाचा अपमान तेव्हा कुणाच्या मनातही आला नाही. १९५७ साली न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळानं लहान वर्गांच्या मंजूर यादीतून ते वगळलं, तोवर प्रश्न बदलला होता. आजच्या कृष्णवर्णीय पालकांचा आक्षेप खरा आहे, त्याला 'अतिसंवेदनशीलता' म्हणून उडवून लावू नका. वर्गातल्या मुलांसमोरही 'लेखक गुलामगिरीच्या विरोधात होता, म्हणून सगळं ठीक' हे वाक्य उच्चारू नका. त्यानं चर्चा सुरू होण्याआधीच संपते.

कादंबरीची ४३ प्रकरणं, सुमारे १ लाख १० हजार शब्द. मिनिटाला १५० शब्द धरले तर बारा-सव्वाबारा तासांचं वाचन होतं. आठवड्याला ४५ मिनिटांचे दोन तास याप्रमाणे सहा आठवडे, म्हणजे वर्गात १२ तासिका आणि घरी आठवड्याला दोन तास वाचन. घटक चाचणीच्या आठवड्यात सुरू करू नका. पाच प्रकरणं झाली असली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करा, वाया गेलं असं मानू नका.

पहिल्या तासाला पुस्तक मिटलेलंच ठेवा. मिसिसिपीचा नकाशा काढा. पश्चिमेला मिसूरी, तिथे गुलामगिरी कायदेशीर. पलीकडच्या तीरावर इलिनॉय, तिथे नाही. लकडी पुलाच्या अलीकडे माणूस मालकीची वस्तू आणि पलीकडे डेक्कनला माणूस, असं म्हटलं की मुलांना चटकन कळतं. लगेच कुणीतरी विचारेल, मग जिम सरळ नदी ओलांडून का जात नाही? याचं उत्तर तयार ठेवा, नाहीतर पुढचं सगळं कथानक त्यांना मूर्खपणाचं वाटेल. १७९३च्या कायद्यानं पळालेल्या गुलामाला दुसऱ्या राज्यातूनही पकडून नेता येत होतं, आणि बक्षिसासाठी माणसं टपलेली होती. म्हणून बेत असा, की दक्षिणेला इलिनॉयमधल्या कैरो गावापर्यंत जायचं, तिथे ओहायो नदी मिळते, तिच्यातून आगबोटीनं वर उत्तरेला सुटायचं. धुक्यात कैरो मागे राहतं आणि दोघं गुलामगिरीच्या पोटात खोल खोल वाहत जातात. नकाशाशेजारी तीन सालं लिहा : कथेचा काळ साधारण १८३५ ते ४५, अमेरिकेत गुलामगिरी संपली १८६५, पुस्तक आधी इंग्लंडमध्ये आलं १८८४. लेखक गुलामगिरी संपल्यावर वीस वर्षांनी मागे वळून लिहितो आहे, हे न सांगितल्यास मुलं हकचं मत हेच लेखकाचं मत धरतात.

दुसरा तास पुण्याचा. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं, आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या लोकांना. त्यांनी निग्रो दास्य संपवण्यासाठी निरपेक्षपणे केलेल्या त्यागाचं कौतुक म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा या इच्छेनं. ती अर्पणपत्रिका मूळ इंग्रजीतच आहे आणि एका वाक्याची आहे. इंग्रजी माध्यमाच्या वर्गाला ती थेट वाचता येते. हकच्या आधी अकरा वर्षं पुण्यातला एक माणूस हा दुवा जोडून गेला होता. 'अमेरिकेतल्या गोष्टीशी आमचा काय संबंध?' या पालकांच्या प्रश्नालाही हेच उत्तर द्या.

इथे एका ठिकाणी फार जपा. तो शब्द समजावायला कुणीतरी जातिवाचक शिवी उदाहरण म्हणून फळ्यावर आणतं. चुकूनही नको. ती शिवी ज्या घरानं ऐकली आहे त्या घरातलं मूल कदाचित तुमच्यासमोर दुसऱ्या बाकावर बसलेलं असेल. चारचौघांत जातीवरून अपमान हा १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, एवढं सांगणं पुरतं. आणि कुणा मुलाच्या आडनावाकडे बघून 'तू सांग, तुला काय वाटतं?' असं कधी विचारू नका. तो वर्गात विद्यार्थी म्हणून आला आहे, समाजाचा प्रवक्ता म्हणून नव्हे.

जिमची बोली ही यापुढची अडचण. ट्वेननं सुरुवातीच्या टिपणीत सांगितलंय, की त्यानं वेगवेगळ्या बोली जाणूनबुजून वापरल्या. जिमचं बोलणं 'दॅट'चं 'डॅट', 'गोइंग'चं 'ग्वाइन' अशा लेखनात येतं. आपली मुलं इंग्रजी व्याकरणाच्या धाकात वाढलेली, त्यांना ते 'चुकीचं इंग्रजी' वाटतं आणि मग जिम अडाणी वाटतो. पुण्यात हा धोका दुप्पट, कारण 'आनि-पानी' म्हणणाऱ्याला हसण्याची सवय इथे शाळेआधीच लागते. १४व्या प्रकरणातला सॉलोमन राजाचा वाद उघडा. एका बाळाच्या दोन आया भांडतात, राजा ते चिरून अर्धं अर्धं द्यायला निघतो, ती गोष्ट. जिम म्हणतो, अर्ध्या मुलाचा काय उपयोग? ज्याच्या घरी एक-दोनच मुलं आहेत तो असं करणार नाही, ज्याच्या घरी पन्नास लाख आहेत तोच करील. वर्ग हसेल. हसू द्या. मग विचारा, ज्याची स्वतःची पोरं दुसऱ्याच्या मालकीची आहेत अशा बापाचं हे बोलणं आहे, आता कसं वाटतं? त्याच्यासोबत २३व्या प्रकरणाचा शेवट जोडा. जिमनं आपल्या चार वर्षांच्या मुलीला ऐकत नाही म्हणून मारलं आणि मग कळलं की तापानं ती बहिरी झाली होती. हे पान तुम्ही वाचा, हळू, आणि नंतर लगेच प्रश्न विचारू नका.

८ ते १६ या प्रकरणांसाठी दोन तास राखा आणि फळ्यावर फक्त आकडे मांडा. जिम पळतो, कारण मिस वॉटसनला त्याचे ८०० डॉलर येणार असतात. पळाल्यावर तो म्हणतो, मी आता श्रीमंत आहे, माझा मीच मालक आणि माझी किंमत ८०० डॉलर. त्याला पकडायला बक्षीस ३०० डॉलर, हकच्या बापाला पकडायला २००. १६व्या प्रकरणात गुलाम शोधणारी दोन माणसं तराफ्यावर देवीची साथ आहे असं समजून घाबरतात, जवळ येत नाहीत आणि दोघं मिळून सोन्याची ४० डॉलरची नाणी देऊन निघून जातात. ३१व्यात राजा म्हणवणारा लफंगा जिमला विकतो, ४० डॉलरला. शेवटी हकचा मित्र टॉम सॉयर जिमला कैद्याचं काम छान केल्याबद्दल देतो, तेही ४० डॉलर. या सगळ्या वेळात हकचे ६००० डॉलर गावातल्या न्यायाधीशाकडे पडून आहेत. 'मग हकनं जिमला विकत का घेतलं नाही?' हा प्रश्न तुम्ही विचारू नका, तो मुलांकडूनच येऊ द्या. एका तासात या आकड्यांनी जे कळतं ते गुलामगिरीवरच्या भाषणानं कळत नाही.

१७ ते ३० ही प्रकरणं झपाट्यानं घ्या. दोन घराण्यांचं वैर एका तासात, आणि विल्क्स कुटुंबाची फसवणूक तुम्ही गोष्टीसारखी सांगा.

मग ३१वं प्रकरण, त्याला पूर्ण तास. जवळजवळ प्रत्येक वर्गात इथे एकच चूक होते : मुलं लिहितात, 'हकला गुलामगिरी चूक आहे हे कळलं आणि त्यानं योग्य निर्णय घेतला.' तसं पुस्तकात नाही. हकला शेवटपर्यंत वाटतं की जिमला सोडवणं ही चोरी आहे, पाप आहे, आणि यासाठी आपण नरकात जाणार. ते ठरवूनच तो पत्र फाडतो. वहीत दोन रकाने करायला सांगा, 'हक काय करतो' आणि 'हकच्या मते तो काय करतो'. दुसरा रकाना भरताना मुलं अडखळतात, आणि तिथेच खरा धडा आहे. तुलनेला पुन्हा फुले घ्या. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तेव्हा आपण न्याय करतोय हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. हकला ठाऊक नाही. सदसद्विवेकबुद्धी म्हणून आपण जिचं नाव घेतो ती कधी कधी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी भरवलेली असते, हे नववीच्या मुलाला या प्रकरणात दिसू शकतं. हक स्वतः तेरा-चौदा वर्षांचा आहे, त्यांच्याच वयाचा.

शेवटची बारा प्रकरणं गाळू नका. टॉम येतो आणि जिमला सोडवण्याचा खेळ मांडतो : दोरीची शिडी, कोळी, उंदीर, साप, सगळं पुस्तकात वाचलेल्या कैद्यांसारखं. हेमिंग्वेनं १९३५ साली लिहिलं, की आधुनिक अमेरिकन साहित्य सगळं या पुस्तकातून निघालं, पण जिम चोरीला जातो तिथेच वाचन थांबवावं. मला ते पटत नाही. शेवटी कळतं, की जिम आधीच मुक्त झाला होता आणि टॉमला ते माहीत होतं. ज्याला मुक्तता मिळाली आहे त्याला दुसऱ्याच्या करमणुकीसाठी खोपटात साखळीनं बांधून ठेवणं, याचा मुलांना राग यायला हवा. त्यांना फक्त मजा वाटली तर तसं म्हणू द्या आणि विचारा, हा खेळ कुणाच्या जिवावर चाललाय? लेखकानं शेवट बिघडवला की मुद्दाम असा ठेवला, यावर समीक्षकांचं आजही एकमत नाही. मुलांना दोन्ही बाजूंनी लिहू द्या.

हे सगळं करूनही हे पुस्तक एका गोऱ्या लेखकानं गोऱ्या मुलाच्या तोंडून सांगितलेलं राहतं. म्हणून सोबत फ्रेडरिक डग्लस यांच्या १८४५च्या आत्मकथनातलं ७वं प्रकरण द्या. गुलाम असलेला पोरगा रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना पाव देऊन त्यांच्याकडून वाचायला शिकतो. काहीच पानं आहेत आणि भाषा जिमच्या बोलीपेक्षा सोपी. तुमच्या स्वतःच्या तयारीसाठी टोनी मॉरिसन यांनी याच कादंबरीला लिहिलेली १९९६ची प्रस्तावना आणि पर्सिव्हल एव्हरेट यांची 'जेम्स' वाचा. ही २०२४ची कादंबरी तीच गोष्ट जिमच्या बाजूनं सांगते. ती नववीच्या हातात देऊ नका, हिंसा बरीच आहे.

पालकांना ग्रुपवर उत्तर देऊ नका. छापील पत्र पाठवा आणि खाली सहीची जागा ठेवा. मजकूर साधारण असा : "पूरक वाचनात 'हकलबेरी फिन' आहे. त्यात कृष्णवर्णीयांचा अपमान करणारा एक शब्द वारंवार येतो. तो वर्गात कुणीही, शिक्षकही, उच्चारणार नाहीत. माणसाला वस्तू मानणारा समाज एका मुलाच्या मनात काय पेरतो, हे कळावं म्हणून आपण ही कादंबरी वाचतो आहोत. पाल्यासाठी आपल्याला वेगळं पुस्तक हवं असल्यास अमुक तारखेपर्यंत कळवा. गुण आणि काम सारखंच राहील." वेगळं पुस्तक मागणाऱ्या मुलांना ग्रंथालयात एकटं बसवू नका, शिक्षा वाटते. नकाशाच्या आणि अर्पणपत्रिकेच्या तासाला ती सगळ्यांबरोबरच बसतील, तिथे कादंबरी वाचावी लागतच नाही.

परीक्षेत 'जिमचं स्वभावचित्र रेखाटा' हा प्रश्न नको. त्याला 'प्रामाणिक, प्रेमळ, निष्ठावान' अशी गाइडमधली उत्तरं येतात, आणि गुलामाला निष्ठावान म्हणणं म्हणजे मालकाच्या भाषेत बोलणं. त्याऐवजी हे विचारा : हकनं ३१व्या प्रकरणात फाडलेलं पत्र टपालात पडलं असतं, तर ते वाचायला मिस वॉटसन जिवंत होती का? उत्तर पुस्तकातच आहे. सुटकेचा खेळ चालतो तीन आठवडे, पुढे पायाला गोळी लागलेला टॉम शुद्धीवर यायला थोडे दिवस, आणि ४२व्या प्रकरणात टॉम सांगतो की तिला जाऊन दोन महिने झाले, मृत्युपत्रात तिनं जिमला मुक्त केलं होतं. हा हिशेब मुलांना स्वतः करू द्या. मग पुढचा उपप्रश्न, पाच गुणांचा : हे हकला माहीत नव्हतं, म्हणून त्याच्या निर्णयाचं मोल कमी होतं की वाढतं?